एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणारं यंत्र) लॅक्टिक आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे पीक (आलेखातले उंचवटे) चिकटून येतायत, काय करू?

मांजलपूरकर: बडोद्यात मकरपुऱ्याला एका छोट्या लॅबमध्ये आहे. लोणच्याच्या खाराचं सॅम्पल आहे, सी १८ कॉलम (आत पाणी न धरणारा, तेलकट स्वभावाचा थर असलेले कण), फॉस्फेट बफर पीएच २.५, डिटेक्टर २१० नॅनोमीटरला. सकाळी दोन्ही पीक चिकटून का होईना पण दिसत होते, मग जेवायला जाताना पंप बंद केला आणि परत आल्यावर बघतो तर सगळंच डेड व्हॉल्यूमला पळतंय, म्हणजे कॉलममध्ये न थांबता सुरुवातीलाच बाहेर! कॉलम गेला का?

दांडियाबाजारवाला: गेला नाही रे. शंभर टक्के पाण्याचा बफर चालवून पंप थांबवला की कॉलममधल्या कणांच्या छिद्रांतून पाणी बाहेर पडतं, मग अ‍ॅसिड धरून ठेवायला काही उरतच नाही. आधी साधं पाणी सोडून मीठ काढ, मग ५० टक्के मिथेनॉल, मग परत बफर. सॉल्व्हेंट न घालता चालवायचं तर पाण्याला चालणारा सी १८ घे.

रावपुरावाली ताई: चिकटलेल्या पीकचं वेगळं. लॅक्टिकचा पीकेए (ज्या पीएचला अर्धं अ‍ॅसिड आयनाइज होतं तो) ३.८६, अ‍ॅसेटिकचा ४.७६, म्हणजे २.५ ला दोन्ही जवळजवळ न्यूट्रल. ३.५ च्या आसपास करून बघ, लॅक्टिक जास्त आयनाइज होऊन आधी निघेल. पण पीएच मीटर नीट कॅलिब्रेट कर हां, तिथे जरा चुकलं तरी पीक सरकतात. आणि खरं सांगू, रोजचंच काम असेल तर आयन एक्स्क्लूजन कॉलम (असल्या अ‍ॅसिडांसाठीचा वेगळा कॉलम) घ्या, पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिडवर दोन्ही मस्त सुटे होतात.

मांजलपूरकर: मिथेनॉलने पीक परत आले! कॉलमचं साहेबांना विचारतो, पण किंमत ऐकून तेच डेड व्हॉल्यूमला जातील 😅