वर्षाचा पहिला घास: कडू की गोड?

पिंपळपान (प्रश्न)

पाडव्याच्या सकाळी गुढीची पूजा झाली की आमच्याकडे आई प्रत्येकाच्या तळहातावर कडुनिंबाच्या कोवळ्या पानांची चटणी ठेवते. गूळ, ओवा, हिंग, मीठ आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ असे सगळे तीत असले, तरी कडूपणा लपत नाही. यंदा आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने ती कशीबशी गिळली आणि विचारले, “नव्या वर्षाची सुरुवात कडू खाऊन आपल्याशिवाय आणखी कोण करतं?” कर्नाटकातील बेवू-बेल्ल, म्हणजे कडुनिंब-गूळ, आणि आंध्र-तेलंगणातील उगादीची पच्चडी मला ठाऊक आहे, पण ही आपली शेजारचीच घरे झाली. त्यापलीकडच्या जगात, निरनिराळ्या पंचांगांनुसार येणाऱ्या नववर्षाच्या दिवशी, कुटुंबे घरात नेमके काय करतात, पहिला घास कोणता असतो आणि तो कोण देते, हे जाणकारांनी सांगावे. आतषबाजी आणि मध्यरात्रीच्या मेजवान्या तिने दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या आहेत, त्यामुळे त्या वगळल्या तरी चालतील.

पाऊलवाट

नोकरीनिमित्त आम्ही आठ वर्षे ओसाकाजवळ राहिलो, तेव्हा तिथल्या शेजारघरातले पाहिलेले लिहितो. जपानने 1873 साली ग्रेगोरियन पंचांग स्वीकारल्यापासून तेथील नववर्ष 1 जानेवारीलाच असते. मात्र त्याचे स्वरूप आपल्या दिवाळीसारखे, म्हणजे घराची झाडलोट करून सर्वांनी गावी एकत्र जमण्याचे आहे. 31 डिसेंबरच्या रात्री सोबा, म्हणजे बकव्हीटच्या पिठाच्या शेवया खातात. त्या सहज तुटतात, म्हणून सरत्या वर्षाची इडापिडाही तशीच तुटावी, असा त्यामागचा भाव सांगतात. मध्यरात्रीच्या सुमारास बौद्ध मंदिरांतील घंटेचे 108 टोल पडतात, आणि हा आकडा आपल्या जपमाळेमुळे आम्हाला लगेच ओळखीचा वाटला.

सकाळी ओझोनी नावाचे सूप असते. ओसाका-क्योतो भागात त्यात पांढरे मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे वाटण, आणि मोची हा चिकट भात कुटून केलेला गोल गोळा घालतात, तर तोक्योकडे मोची चौकोनी आणि सूप नितळ असते. कोणते खरे, यावर दोन्हीकडची माणसे आपल्याकडच्या कटाच्या आमटीइतक्याच हट्टाने भांडू शकतात. मोची फार चिकट असतो आणि तो घशात अडकून दर नववर्षाला वृद्ध माणसे दगावतात; त्यामुळे आमच्या शेजारीणबाई सासऱ्यांच्या वाटीतला मोची कात्रीने बारीक कापून देत असत.

याखेरीज ओसेची हे पदार्थ आधीच शिजवून लाखकाम केलेल्या डब्यांच्या उतरंडीत भरून ठेवतात, म्हणजे सणाच्या दिवसांत चुलीला आणि घरातल्या बाईला विसावा मिळतो. तुमच्या मुलीला यातील शब्दांचे खेळ आवडतील. काळे सोयाबीन साखरेत शिजवतात, कारण ‘मामे’ म्हणजे दाणा आणि ‘मामे’ म्हणजेच कष्टाळू व धडधाकट. कोम्बू या समुद्री शेवाळाची वळकटी खायची, कारण त्यात ‘योरोकोबू’, म्हणजे आनंदित होणे, हा शब्द ऐकू येतो. कोळंबी मात्र शब्दासाठी नसते. तिच्यासारखी पाठ वाकेपर्यंत आयुष्य लाभावे, म्हणून ती असते. कडू असे त्या डब्यांत मला काही आढळले नाही. मुलांचे लक्ष अर्थात वडीलधाऱ्यांकडून छोट्या पाकिटात मिळणाऱ्या पैशांकडे, म्हणजे ओतोशिदामाकडेच असते.

नारळीपोफळी

परदेशात जाण्याची गरज नाही, आमच्या अलिबागकडेही एक निराळे नववर्ष आहे. कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक रोश हशाना या ज्यू नववर्षाला ‘नव्याचा सण’ म्हणत आले आहेत. तिश्री महिन्याच्या पहिल्या तिथीला, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, तो येतो आणि त्यापाठोपाठ चतुर्थीला ‘खिरीचा सण’ असतो, ज्यात नव्या धान्याची नारळाच्या रसातील खीर करण्याची जुनी रीत आहे. नवे धान्य घरात येण्याचा काळ आणि ही नावे एकत्र ठेवली की त्या सणाचे कोकणीपण वेगळे सांगावे लागत नाही.

जगभरच्या ज्यू घरांत त्या रात्री सफरचंदाची फोड मधात बुडवून खातात. अनेक ठिकाणी खजूर, डाळिंब, भोपळा असे जिन्नस मांडून प्रत्येकाच्या हिब्रू नावावर किंवा रूपावर बेतलेली छोटी प्रार्थना म्हणतात, तेव्हा पाऊलवाट यांनी सांगितलेला शब्दांचा खेळ जपानपुरता नाही. माशाचे डोकेही ताटात ठेवतात, आणि ‘आम्ही डोके व्हावे, शेपूट होऊ नये’ असे मागणे मागतात. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे अनेक घरी त्या दिवशी आंबट किंवा कडू पदार्थ मुद्दाम टाळतात, म्हणजे हे आपल्या कडुनिंबाच्या अगदी उलट झाले.

मात्र एक दुरुस्ती मीच करतो. ज्यू धर्मग्रंथानुसार महिन्यांची गणना वसंतातील निसानपासून होते, आणि त्याच महिन्यातील पेसाह या सणाच्या भोजनात इजिप्तमधील गुलामीची आठवण म्हणून कडू पाला खावा लागतो. तो नववर्षाचा सण नव्हे, पण पहिल्या महिन्यात कडू खाणारे आपण एकटेच नाही, एवढे मुलीला निश्चित सांगता येईल.

सहस्रबुद्धेवाडा

पुण्यात शिकताना माझे दोन सहाध्यायी इराणी होते आणि त्यांच्या खोलीवर मी दोनदा नवरोज पाहिला. तिथे वर्ष मध्यरात्री बदलत नाही. सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो वसंतसंपाताचा क्षण गणिताने काढलेला असतो आणि तो पहाटे, भरदुपारी, केव्हाही येऊ शकतो. घरातली माणसे नवे कपडे घालून त्या क्षणाआधी ‘हफ्त-सीन’भोवती बसतात. फारसी ‘सीन’ या अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तू असा त्याचा अर्थ: सब्ज़े म्हणजे ताटलीत उगवलेले गव्हाचे वा मसुराचे हिरवे अंकुर, सीब म्हणजे सफरचंद, सीर म्हणजे लसूण, सिर्के हा शिरका, शिवाय सुमाक हा आंबट मसाला, सेंजेद हे वाळवलेले फळ आणि समनू. समनू अंकुरित गव्हापासून साखर न घालता तासन्‌तास ढवळून करतात आणि तरीही तो गोड लागतो. लसूण व शिरका उग्र आहेत खरे, पण ते मांडण्यापुरते; तोंडात पडते ती मिठाईच. त्यानंतर घरातील ज्येष्ठ मंडळी कुराणाच्या पानांत ठेवलेल्या कोऱ्या नोटा लहानांना देतात आणि तेराव्या दिवशी सारे कुटुंब घराबाहेर जाऊन ते अंकुर वाहत्या पाण्यात सोडते.

मुंबईच्या पारशी घरांतही 21 मार्चला जमशेदी नवरोज असतो, परंतु त्यांतील बहुतेकांचे शहेनशाही नववर्ष ऑगस्टमध्ये येते. त्या दिवसाला आपण सर्रास ‘पतेती’ म्हणून शुभेच्छा देतो, ती चूक आहे. पतेती हा आदल्या, वर्षअखेरीच्या दिवसाचा पश्चात्तापाचा विधी होय. नववर्षाच्या सकाळी त्यांच्याकडे शेव, गोड दही आणि रवो हा रव्याचा गोड पदार्थ असतो.

दोनओळी

स्पेनमध्ये 31 डिसेंबरच्या मध्यरात्री माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातील घड्याळाच्या बारा ठोक्यांवर बारा द्राक्षे खातात, म्हणजे दर ठोक्याला एक. दोन ठोक्यांत सुमारे तीन सेकंदच मिळतात, म्हणून घरोघरी आजी-आजोबा मुलांसाठी द्राक्षे आधीच सोलून, बिया काढून ठेवतात. बाराच द्राक्षांचे छोटे डबेही दुकानांत विकत मिळतात.

पिंपळपान

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सारे मुलीला वाचून दाखवले. सब्ज़ेसाठी तिने लगेच वाटीत गहू भिजत घातले. पाडवा होऊन गेला, हे सांगूनही ऐकले नाही. जपानी आणि हिब्रू शब्दांचे खेळ ऐकल्यावर आपल्या ताटात असा एकही शब्द कसा नाही, म्हणून ती बराच वेळ गप्प होती. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने आजीला सांगितले, “पुरण वर्षभर पुरतं, म्हणून ते पुरण.” आईने पुढच्या पाडव्याला कडुनिंब अर्धाच चमचा देण्याचे कबूल केले आहे.