मदत हवी आहे: दुसऱ्या आवृत्तीत बदल करू का?

स्वखर्चाने रहस्यकादंबरी काढली, 200 प्रती. नायक गे, कथा 2014 च्या पुण्यातली. खुनाच्या रात्री तो मित्राच्या खोलीवर होता, पण पोलिसांना ते सांगत नाही. काही वाचक म्हणाले, "हीच तर खरी गोची, झकास!" बाकीचे म्हणतात, "सांगून मोकळा का होत नाही? ओढूनताणून रहस्य." अहो, सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2013 च्या निकालाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 परत लागू झालं होतं, ते थेट सप्टेंबर 2018 पर्यंत. सांगणं म्हणजे गुन्ह्याची कबुलीच! हा संदर्भ सुरुवातीलाच दिला तर रहस्य फुटतं. मग मध्येच हवालदाराच्या तोंडी एक वाक्य घालू का? रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी कृपया सांगा, पुढच्या आठवड्यात छपाईला द्यायचंय.