पन्नास पानांत पुस्तक परत? फँटसी-विज्ञानकथांना हा नियम लावू नका

सांजवारा (धागाकर्ती)
लायब्ररीतून फँटसी आणि विज्ञानकादंबऱ्यांचा गठ्ठा आणून एकेक वाचून काढते आहे. त्यावर एक सल्ला हमखास मिळतो: पन्नास पानं वाचा, नाही रमलात तर परत करा. अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा हा नियम. पन्नाशी ओलांडलेल्यांनी तर शंभरातून वय वजा करून उरतील तेवढीच पानं वाचावीत, असंही त्या सांगतात. इतर कादंबऱ्यांसाठी ठीक आहे, पण या दोन प्रकारांवर तो अन्याय आहे.

चाळीवरची किंवा कचेरीतली कादंबरी उघडतो तेव्हा तिचं निम्मं जग आपल्या ओळखीचं असतं. फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' या विज्ञानकादंबरीत तसा आधार नाही. परके शब्द इतके, की हर्बर्टला शेवटी शब्दसूची द्यावी लागली. वीसेक प्रकाशकांनी नाकारल्यावर १९६५ मध्ये ती छापली चिल्टनने, म्हणजे मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रकाशनाने. पुढच्याच वर्षी तिला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार विभागून मिळाला. टोल्किनही 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची कथा सुरू करण्याआधी हॉबिट या बुटक्या लोकांच्या चालीरीती, त्यांची तंबाखू, त्यांचा कारभार, सगळं सांगत बसतो. ती पानं वाचली असली की पुढे शायर, म्हणजे हॉबिटांचा मुलूख, सोडताना जीव तुटतो. निदान एक तृतीयांश वाचल्याशिवाय असं पुस्तक परत करू नये, असं माझं ठाम मत आहे.

डोंगरवाट
साफ असहमत. जग उभारायला शंभर पानं लागतात हेच मला मान्य नाही. उर्सुला ले ग्विनची फँटसी 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) बघा. पहिल्याच प्रकरणात शेळ्या राखणारा पोरगा मंत्राने धुकं पसरवतो आणि हल्लेखोरांपासून गाव वाचवतो. ती जादू त्याला किती महागात पडते, तेही तिथेच दिसतं. आख्खं पुस्तक दोनशे पानांच्या आसपास. माहितीची पानंच्या पानं ओतणाऱ्या लेखकाने वाचकाच्या चिकाटीवर विसंबू नये.

मुसाफिर
डोंगरवाट यांना +१. नारळीकरांचंही उदाहरण आहेच. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिला क्रमांक मिळाला. नावाचं वजन नाही, पानांची चैन नाही, तरी परीक्षकांपर्यंत कल्पना पोचली. गठ्ठ्यात दोन तरी कथासंग्रह ठेवा, थकवा येणार नाही.

सांजवारा
मुसाफिर, कथासंग्रह मलाही प्रिय आहेत, पण कथेचं माप कादंबरीला कसं लावणार? कथा एका कल्पनेवर उभी राहते. कादंबरीत त्या कल्पनेसोबत माणसांच्या पिढ्या जगतात. लिऊ त्सिशिनची विज्ञानकादंबरी 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' घ्या. २००८ च्या मूळ चिनी पुस्तकात माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीची प्रकरणं मध्यावर होती. ज्याने ते पन्नास पानांत मिटलं, त्याला 'ये वेनजिए' या नायिकेचा राग कुठून आला हे कळलंच नसणार.

डोंगरवाट
हे उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे! २०१४ च्या इंग्रजी अनुवादात केन लिऊंनी तीच प्रकरणं सुरुवातीला आणली, आणि लेखकाच्या मनातला मूळ क्रमही तोच होता. भर सभेत वेनजिएच्या बापाला मरेपर्यंत मारलं जातं आणि ती बघत असते. हे वाचून कोण पुस्तक परत करेल? वाचकाला पन्नास पानांत धरून ठेवता येतं. ते लेखकाचं काम आहे.

पानोपानी
दोघंही घरच्या कपाटातल्या पुस्तकांबद्दल बोलल्यासारखे बोलता आहात. लायब्ररीच्या पुस्तकामागे रांग असते. मालिकेचा पहिला भाग हातोहात फिरून झिजतो, तिसरा कोरा राहतो. पहिला भाग आवडत नसताना 'कधीतरी जमेल' म्हणून मुदतवाढ घेत राहिलात, तर जो तिन्ही भाग वाचणार आहे तो अडकतो. मन उडालं की त्याच आठवड्यात परत करा, मग पान विसावं असो की दोनशेवं.

सांजवारा
रांग असेल तर लगेच परत, हे शंभर टक्के पटलं. पण कोणी वाट बघत नसेल तर माझा एक तृतीयांश कायम. आणि डोंगरवाट, सुरुवातीलाच पकडणारी पुस्तकं चांगली असतात यात वाद नाही. पण सावकाश उलगडणारं पुस्तक तेवढ्यावरून कच्चं ठरवू नका. 'ड्यून'ची शब्दसूची मी आधी वाचली, मग कादंबरी. तुम्हीही तसं करून बघा आणि इथे लिहा.