मदत हवी आहे: आजोबा तोफखान्यात होते की पायदळात? फलकावर काय कोरायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावात (सातारा जिल्हा) माजी सैनिकांच्या नावांचा दगडी फलक बसतोय. नावापुढे हुद्दा आणि दल एवढंच कोरणार आहेत. आजोबांची माहिती द्यायचं काम माझ्याकडे आलं आणि मी अडकलोय. एकदा दगडात कोरलं की खोडता येणार नाही, म्हणून इथल्या फौजी मंडळींना विचारतोय.

आजोबा "तोफेवर होते" असं घरात कायम ऐकलं. त्यांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकूच यायचं नाही. त्या बाजूला बसलं की प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागायची. आजी म्हणते, तोफेनेच कान गेला. त्यामुळे तोफखाना हे आम्ही धरूनच चाललो होतो.

परवा ट्रंक उघडली. डिस्चार्ज बुकात लिहिलंय मराठा लाइट इन्फन्ट्री, भरती बेळगाव १९५९, १९७४ ला नायक म्हणून पेन्शनीत. तोफखान्याचं नावही नाही. पण एका फोटोत जीपवर बसवलेली लांब नळी आहे, शेजारी आजोबा आणि आणखी तिघे, आणि मागे आजोबांच्या अक्षरात "सपोर्ट कंपनी, १०६, १९६७". काका म्हणतात, ही १०६ नंबरची तोफखाना रेजिमेंट, मधे कधीतरी बदली झाली असणार. मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही.

१०६ म्हणजे नक्की काय? पायदळाकडे तोफ कशी? आणि डिस्चार्ज बुकात पलटणीच्या (बटालियनच्या) आकड्यावर नेमकी शाई पसरली आहे, तो कुठून मिळेल? आजी ८४ वर्षांची आहे, फलक तिच्याच हातून उघडायचा आहे. कृपया मदत करा.

प्रतिसाद १

मी पायदळातच २४ वर्षं काढली, त्यामुळे खात्रीने सांगतो: तुमचे आजोबा पायदळातलेच. १०६ हा रेजिमेंटचा नंबर नाही, ते हत्याराचं नाव आहे. १०६ मिलिमीटर रिकॉइललेस गन, आमच्या भाषेत आरसीएल. रणगाडा फोडायचं पायदळाचं हत्यार.

पलटणीत साधारण आठशे माणसं. चार रायफल कंपन्या, कंपनीत तीन प्लाटून, प्लाटूनमध्ये तीन सेक्शन, सेक्शनमध्ये दहाएक जवान. याशिवाय जड हत्यारांची वेगळी कंपनी, ती सपोर्ट कंपनी. मॉर्टर तिथे, आरसीएलही तिथेच. तोफखान्यात कंपनी नसतेच, बॅटरी असते. आजोबा तिथे लागले असते तर भरतीच्या वेळचा त्यांचा हुद्दा "शिपाई" नसता, "गनर" असता. डिस्चार्ज बुकाचं पहिलं पान बघा.

काकांचा घोटाळा "रेजिमेंट" शब्दामुळे झालाय, आणि तो बहुतेकांचा होतो. पायदळात रेजिमेंट म्हणजे घराणं. सेंटर एक, बिल्ला एक, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही घोषणा एक. पण पलटणी देशभर विखुरलेल्या, वेगवेगळ्या ब्रिगेडमध्ये. मराठाची एक पलटण काश्मीरात तर दुसरी नागालँडमध्ये असू शकते. तोफखान्यात मात्र रेजिमेंट म्हणजे एकच युनिट, साधारण तीन बॅटऱ्या आणि अठरा तोफा. शब्द तोच, अर्थ वेगळा.

आता कानाबद्दल. या गनला धक्का बसत नाही, कारण बार उडाला की बराचसा वायू मागच्या बाजूने बाहेर फेकला जातो. मागे उभा राहिलेला माणूस जिवंत राहत नाही. आवाज असा की छातीत बसतो. वर एक छोटी .५० इंची रायफल जोडलेली असते, तिची चमकणारी गोळी लक्ष्यावर लागली की मग मुख्य गोळा सोडायचा. आणि सोडला की ताबडतोब जीप हलवायची, कारण उडालेल्या धुळीने जागा शत्रूला कळलेली असते. त्या काळी कानात कापूस कोंबून हे सगळं चालायचं. आजी बरोबर सांगतात.

अब्दुल हमीद यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला पॅटन रणगाडे फोडले, ते जीपवरच्या याच गनने. तेही पायदळाचेच, ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार. त्या कामाला काय काळीज लागतं ते फोटो बघताना घरच्यांना सांगा.

प्रतिसाद २

पलटणीच्या आकड्यासाठी बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अभिलेख कार्यालयाला अर्ज करा. आर्मी नंबर, पूर्ण नाव, भरतीचं वर्ष आणि डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स जोडा. अर्ज आजींच्या सहीने गेलेला बरा. त्यांना कौटुंबिक पेन्शन असेल तर पीपीओवर (पेन्शनच्या आदेशपत्रावर) आर्मी नंबर असतोच. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जा, अर्ज नीट लिहून घ्यायला तिथे मदत होते.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. पहिलं पान पाहिलं: "शिपाई". काकांना फोनवर वाचून दाखवलं, त्यांनी मान्य केलं. आजीला आरसीएलचं सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, सुट्टीवर आले की पहिले दोन दिवस ते उगाच मोठ्याने बोलायचे.

फलकासाठी "नायक, मराठा लाइट इन्फन्ट्री" असं लिहून दिलं आहे. पलटणीच्या आकड्यापुरती जागा रिकामी सोडायला कारागीर तयार आहे. सोमवारी आजीला घेऊन साताऱ्याला जातोय, बेळगावहून उत्तर आलं की इथेच कळवतो.