थंडीत गाडी स्टार्ट होत नाही: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सी-१०४ ताई: नमस्कार. निफाडचा पारा घसरला की आमची २००५ ची एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणारी) गाडी सकाळी हटून बसते. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. दुपारी एका सेलला चालू. गॅरेजवाले फ्युएल पंप बदला म्हणतात. काय करू? मुलाचा ७ चा क्लास आहे.

बी-३०२ भाऊ: चोक ओढून बघा.

ए-२०१ काका: एमपीएफआयला चोक नसतो हो. इंजिन किती गार आहे ते कूलंट टेम्परेचर सेन्सर ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो, त्यावर पेट्रोल वाढतं. ताई, इतक्यात पंप बदलू नका. उद्या आधी चावी नुसती ऑन करा. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद घूंऽ आवाज येईल. ऑफ करा, पुन्हा ऑन. तीनदा झाल्यावर सेल्फ मारा. लगेच लागली तर रात्रीत पेट्रोलच्या लाइनमधलं प्रेशर उतरतंय असं समजा.

सी-१०४ ताई: काका, केलं. आवाज येतो, पण फरक नाही. ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरला तेव्हा लागली. पाय काढला की बंद.

ए-२०१ काका: हे फार कामाचं सांगितलंत! पाय दिल्यावर लागते म्हणजे आयडलला, पाय न देता इंजिन चालताना, हवा कमी पडतेय. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा जाते तो भाग) आणि तिथल्या आयडल व्हॉल्व्हमध्ये कार्बन साचला असणार. थ्रॉटल बॉडी क्लीनरने साफ करून घ्या, व्हॉल्व्हची पिन मात्र हाताने ढकलू देऊ नका. सोबत त्या कूलंट सेन्सरला मल्टिमीटर लावायला सांगा. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम दाखवतो, ८० अंशांना ३०० च्या आसपास. गार इंजिनलाही ३०० दाखवत असेल, तर ईसीएमला इंजिन तापलेलंच वाटतंय.

आणि गाडी चालवत गॅरेजला नेऊन लगेच दाखवू नका. अंबडला पोहोचेपर्यंत ती गरम होते, मग मेकॅनिकला दोष दिसणार कसा? रात्रभर तिथेच ठेवा, नाहीतर त्याला सकाळी पार्किंगमध्ये बोलवा.

बी-३०२ भाऊ: काका, माझी सीएनजी पण सकाळी त्रास देते.

ए-२०१ काका: तुमची स्टार्ट पेट्रोलवरच होते ना? टाकीतलं पेट्रोल किती जुनं आहे ते आधी बघा. रोज थोडं पेट्रोलवर चालवा, इंजेक्टर मोकळे राहतात.

सी-१०४ ताई: मेकॅनिक उद्या साडेसहाला येतोय. काका, तुम्ही खाली याल का?

ए-२०१ काका: येतो. मीटर माझ्याकडे आहे. तोवर गाडीला कोणी सेल मारू नका.