दुर्मीळ ‘प्रजाती’ की दुर्मीळ ‘जाती’?

प्रश्न : रानअळंबीबद्दलच्या बातम्यांत ‘दुर्मीळ प्रजाती आढळली’ असे छापून येते. शाळेच्या पुस्तकात मात्र उतरंड कुल, प्रजाती, जाती अशी आहे, म्हणजे प्रजाती जातीच्या वरची. मग आढळले ते नेमके काय?

उत्तर : आढळली ती जाती. आपल्या पाठ्यपुस्तकांत जीनसला (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला) प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हणतात. हिंदीत जीनस म्हणजे वंश आणि स्पीशीज म्हणजे प्रजाति. बातम्यांतली ‘प्रजाती’ बहुधा तिकडून आली असावी. शिवाय ‘जात’ म्हटले की मराठी कानाला भलतेच काही ऐकू येते, त्यामुळेही लिहिणारा बिचकत असेल.

पक्ष्यांबद्दल लिहिताना हा घोळ खपून जातो. अळंबीत तो जिवाशी येतो. ॲमॅनिटा ही प्रजाती घ्या (पाठ्यपुस्तकाच्या अर्थाने). तिच्यातली ॲमॅनिटा सिझेरिया युरोपात आवडीने खातात, आणि ॲमॅनिटा फॅलॉइडिस, म्हणजेच डेथ कॅप, यकृत निकामी करून माणूस मारते. तिची लक्षणेही साधारण सहा तासांनंतर, कधी त्याहून बऱ्याच उशिरा दिसतात, तोवर विष भिनलेले असते. दोघींच्या देठाला कडे, बुडाशी पिशवी, बीजाणू पांढरे. ‘या प्रजातीची अळंबी खाण्याजोगी असते’ हे वाक्य कोणी कोणत्या अर्थाने वाचेल याचा नेम नाही.

ओळख पटवण्याचे कामही याच दोन पायऱ्यांनी होते. छत्री कापून कागदावर पालथी ठेवली की काही तासांत बीजाणूंचा ठसा उमटतो. कागद अर्धा काळा, अर्धा पांढरा घ्यावा, नाहीतर पांढरा ठसा दिसतच नाही. फ्रीस या स्वीडिश अभ्यासकाने 1821 पासून छत्रीखाली पातळ पडदे असलेल्या अळंब्यांची विभागणी याच रंगावर केली. ठशावरून माणूस प्रजातीच्या आसपास पोहोचतो. जाती ठरवायला पुढे बरेच लागते : पडद्यांचा रंग (सिझेरियाचे पिवळे, फॅलॉइडिसचे पांढरे), सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा आकार, आयोडीनच्या द्रावणात ते निळे पडतात का, जवळ कोणते झाड आहे. देठ वरून खुडून आणला तर बुडाची पिशवी मातीतच राहते आणि सर्वांत मोलाची खूण जाते. अंड्यासारख्या कोवळ्या अवस्थेत तर वरून पाहून सांगूच नये.

शंका : पण शास्त्रीय नावेसुद्धा बदलत असतात ना? मग एवढा काटेकोरपणा कशाला?

उत्तर : बदलतो तो बहुतेक वेळा नावातला पहिला शब्द, प्रजातीचा. डेथ कॅप फ्रीसकडे ॲगॅरिकस फॅलॉइडिस होती. लिंक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1833 मध्ये तिला ॲमॅनिटात नेले. अळंबी तीच, विष तेच, बदलले फक्त तिचे खाते. आता डीएनए पाहतात. त्याचा आयटीएस नावाचा तुकडा कवकांच्या ओळखीसाठी बारकोड म्हणून 2012 मध्ये सुचवला गेला. त्यातून कधी एकच समजलेली जाती प्रत्यक्षात अनेक जातींचा गट निघते. अशा ठिकाणी ‘प्रजातीत आणखी एक जाती आढळली’ हे वाक्य लिहायचे असते, आणि तेव्हा बातमीतली भाषा पार गोंधळते.

माझे मत विचाराल तर जीनसला ‘वंश’ म्हणावे, स्पीशीजला ‘जाती’, आणि ‘प्रजाती’ला सुट्टी द्यावी. ‘वंश’ मराठीत या अर्थाने रुळलेला आहेच.

‘दुर्मीळ’बद्दलही एक. आपल्याला दिसते ते कवकाचे फळ. खरे शरीर, म्हणजे धाग्यांचे कवकजाल, माती-लाकडात वर्षानुवर्षे असू शकते आणि छत्री क्वचितच वर येते. म्हणून एका पाहणीवरून ‘दुर्मीळ’ लिहू नये, ‘क्वचित दिसणारी’ लिहावे.