ज्या चुकीने आवाज केला नाही

जुनी नोंद

गेल्या आठवड्यात एका जुन्या प्रणालीतील सभासदांची माहिती नव्या डेटाबेसमध्ये हलवत असताना एक नाव समोर आले आणि मी थांबलो. आडनावाच्या शेवटी पाय मोडलेला ‘ष’ होता आणि त्यापुढे काहीच नव्हते. शोध घेतल्यावर तशी आणखी बरीच नावे सापडली, सगळी बरोबर तिसाव्या चिन्हावर तुटलेली. तो रकाना तीस चिन्हांचा असावा, हे अनेक वर्षांपूर्वी मीच ठरवले होते. देवनागरीत प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडल्याची खूण हे साठवणीच्या दृष्टीने स्वतंत्र चिन्ह असते. ‘श्रीकृष्ण’ हे नाव डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते, पण साठवताना त्याची नऊ चिन्हे होतात. हा हिशेब मी तेव्हा केला नव्हता.

आम्ही वापरत असलेल्या मायएसक्यूएल या डेटाबेसच्या त्या काळच्या आवृत्त्या, मूळ मांडणीत काही बदल केला नाही तर, जास्तीचा मजकूर कापून उरलेला साठवत असत आणि फक्त एक वॉर्निंग देत असत, जी आमचा प्रोग्राम वाचतच नव्हता. २०१५ मध्ये आलेल्या ५.७ आवृत्तीपासून स्ट्रिक्ट मोड मुळातच सुरू असतो आणि असा मजकूर नाकारला जातो. आमच्या त्या सभासदांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

सर्व्हर बंद पडल्याच्या गोष्टी आपण एकमेकांना नेहमीच सांगतो. मला विचारायचे आहे ते गप्प राहिलेल्या चुकांविषयी, ज्यांत सगळे काही सुरळीत दिसत होते आणि आतली माहिती बिघडत होती. आपल्याला असा अनुभव आला असेल तर जरूर लिहावा.

रात्रपाळी

आमचा बॅकअप चार महिने रोज यशस्वी होत होता, असे लॉग सांगत होता. स्क्रिप्टमध्ये पोस्टग्रेसएसक्यूएल या डेटाबेसची प्रत काढणाऱ्या पीजी डंपचे आउटपुट पाइपने, म्हणजे थेट जोडणीने, फाइल आकसवणाऱ्या जीझिपकडे जात होते. अशा जोडणीत कमांड चालवणाऱ्या शेलला शेवटच्या कमांडचा निकाल मिळतो, त्यामुळे पीजी डंप पासवर्ड बदलल्यामुळे अयशस्वी झाला तरी जीझिप आपले काम नीट संपवत होता आणि स्क्रिप्ट ‘यशस्वी’ असे लिहीत होती. एके दिवशी एका सहकाऱ्याने चुकून पुसलेल्या टेबलातील ओळी परत मागितल्या, तेव्हा मी फायली पाहिल्या. प्रत्येक फाइल वीस बाइटची होती. काहीच न देता जीझिप चालवला की तो तेवढ्याच आकाराची फाइल बनवतो, हे मला त्या दिवशी कळले.

तेव्हापासून स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत पाइपफेल (जोडणीतील कोणतीही कमांड फसली तर अपयश कळवणारी सूचना) असल्याशिवाय मी ती मंजूर करत नाही आणि दर आठवड्याला एक बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर रिस्टोअर करून ओळींची मोजणी ताडून पाहतो.

समास

त्या पुसलेल्या ओळींचे पुढे काय झाले? रेप्लिका, म्हणजे सतत जुळवून ठेवलेली दुसरी प्रत, नव्हती का?

रात्रपाळी

रेप्लिका होती, पण पुसण्याची आज्ञा तिच्यापर्यंतही क्षणात पोहोचली होती. रेप्लिका आणि बॅकअप या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे मी आजही नव्या सहकाऱ्यांना सर्वांत आधी सांगतो. आम्ही महिनाअखेरच्या अहवालांच्या फायलींतून ओळी पुन्हा उभ्या केल्या. तीन आठवडे लागले आणि काही तपशील कायमचे गेले.

तिसरा रकाना

रात्रपाळी, तुमचे वाचून कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबची ३१ जानेवारी २०१७ ची घटना आठवली. त्यांनी तिचा संपूर्ण वृत्तान्त स्वतःहून प्रसिद्ध केला, याबद्दल मला त्या लोकांविषयी मनापासून आदर आहे. मुख्य सर्व्हरवरील सुमारे ३०० जीबी माहिती चुकून पुसली गेली आणि मग लक्षात आले की पीजी डंपचे बॅकअप तयारच होत नव्हते, कारण सर्व्हर ९.६ आवृत्तीचा होता आणि डंप करणारा प्रोग्राम ९.२ चा. अपयश कळवणारे ईमेल पाठवले जात होते, पण प्रमाणीकरणाच्या अडचणीमुळे ते नाकारले जात होते. शेवटी कोणीतरी वेगळ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) उपयोगी पडला. त्या वृत्तान्तातील ईमेलचा भाग मी दोनदा वाचला आणि त्याच संध्याकाळी आमच्या सूचनांचे ईमेल खरोखर पोहोचतात का, ते तपासले.

कोरा कागद

माझा अनुभव नलचा, म्हणजे रकान्यात मूल्यच नसल्याच्या खुणेचा आहे. कधीच विकल्या न गेलेल्या वस्तूंची यादी काढणारा एक अहवाल दर महिन्याला जात असे. एका महिन्यात तो रिकामा आला. त्या सुमारास पडून राहिलेला माल काढून टाकण्याची मोहीम चालू होती, त्यामुळे ती यशस्वी झाली असे सर्वांनी धरले आणि मीही धरले. दीड वर्षाने कळले की विक्रीच्या टेबलात एका ओळीत वस्तूचा क्रमांक नल राहिला होता. क्वेरीत ‘नॉट इन’ होते. यादीत एक जरी नल असला तरी ‘ही वस्तू त्या यादीत नाही ना?’ या प्रश्नाचे उत्तर कधीच ‘होय’ असे येत नाही. ते ‘नाही’ किंवा ‘अज्ञात’ येते, आणि क्वेरीतील व्हेअर ही अट फक्त ‘होय’ असलेल्या ओळी पुढे जाऊ देते. ‘नॉट एक्झिस्ट्स’ लिहिले असते तर हे घडले नसते आणि रकान्याला ‘नॉट नल’ (मूल्य सक्तीचे) असे बंधन असते तर मुळातच घडले नसते.

ओरॅकल डेटाबेसवर काम करणाऱ्यांनी अधिक जपावे, कारण तेथे रिकामा मजकूर हाही नलच मानला जातो.

समास

कोरा कागद, तुमच्याशी सहमत आहे, पण एक भेद करावासा वाटतो. नलचे वागणे एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेच्या मानकाप्रमाणेच आहे, ते शिकून घेणे हे आपले काम आहे. मला अधिक अस्वस्थ करते ती गोष्ट वेगळी आहे. डिस्कवर लिहिणे पूर्ण झाले का, हे विचारणारा एफसिंक अयशस्वी झाला तर पुन्हा विचारून पाहावे, असे पोस्टग्रेसएसक्यूएलमध्ये वर्षानुवर्षे गृहीत होते. २०१८ मध्ये त्या समुदायाच्या लक्षात आले की लिनक्सवर लिहिण्यात अपयश आल्यानंतर मेमरीतील माहितीची ती पाने स्वच्छ, म्हणजे लिहून झालेली, समजली जाऊ शकतात आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर ‘सर्व ठीक’ असे उत्तर येऊ शकते, जेव्हा माहिती डिस्कपर्यंत पोहोचलेलीच नसते. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांत त्यांनी वागणूक बदलली. आता एफसिंक फसला की डेटाबेस स्वतःला थांबवतो आणि पुन्हा सुरू होताना वॉलमधून, म्हणजे प्रत्येक बदल आधी टिपून ठेवणाऱ्या नोंदवहीतून, माहिती उभी करतो. वरवर पाहता ही माघार वाटेल, पण मला तो सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेचा फार मोठा निर्णय वाटतो. चुकीचे उत्तर देण्यापेक्षा त्यांनी बंद पडणे पत्करले.

उंबरठा

घाईत लिहिते आहे, त्यामुळे थोडक्यात. रकमा फ्लोटमध्ये, म्हणजे संख्या बायनरीत अंदाजे ठेवणाऱ्या प्रकारात, साठवलेल्या होत्या. दशांश ०.१ ही संख्या बायनरीत नेमकी मांडता येत नाही, त्यामुळे लाखो ओळींच्या बेरजेत अगदी थोडा फरक पडत असे. आम्ही त्याला ‘राउंडिंग’ म्हणून सोडून देत होतो. हिशेब पाहणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंनी मात्र ‘फरक कितीही लहान असो, तो का आहे हे मला सांगा’ असा आग्रह धरला. कारण शोधताना राउंडिंगच्या आड लपलेली, दोनदा नोंदवली गेलेली एक रक्कम सापडली. त्यानंतर सर्व रकाने डेसिमलमध्ये, म्हणजे दशांश नेमके ठेवणाऱ्या प्रकारात, आले.

तळमजला

ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत केल्यावर आमच्याकडे एका वापरकर्त्याने कळवले की त्याचा वस्तू-संकेतांक शोधूनही सापडत नाही. मी टेबल पाहिले, ओळ होती. इंडेक्समधून, म्हणजे शोध जलद करणाऱ्या क्रमवार सूचीतून, शोधले, ओळ नव्हती. इंडेक्स बंद करून शोधले, पुन्हा होती. तो अर्धा दिवस मला माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नव्हता. कारण असे की लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २०१८ मधील २.२८ आवृत्तीत मजकुराच्या क्रमवारीचे नियम बदलले. ‘११’ आणि ‘१-१’ यांपैकी आधी कोण, याचेच उत्तर उलटले. आमच्या संकेतांकांत जोडरेघा भरपूर होत्या. इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला होता आणि शोध नव्या क्रमाने चालला होता, त्यामुळे तो चुकीच्या फांदीवर जाऊन रिकाम्या हाताने परतत असे. याहून वाईट म्हणजे दुहेरी नोंद रोखणाऱ्या युनिक इंडेक्सलाही जुनी नोंद दिसत नसल्याने तोच संकेतांक दुसऱ्यांदा नोंदवता येत होता.

रीइंडेक्स करायला, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधायला, गेलो तर दुहेरी नोंदींमुळे तो अडला. कोणती ओळ खरी, हे ठरवण्यासाठी प्रत्येक जोडी माणसाने पाहावी लागली. आता ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना मजकुराचे सर्व इंडेक्स नव्याने बांधणे ही आमच्या कामाची लेखी पायरी आहे आणि त्यानंतर इंडेक्स तपासणारे अ‍ॅमचेक चालवल्याशिवाय आम्ही काम संपले असे म्हणत नाही.

कोरा कागद

तळमजला, हे वाचून अंगावर काटा आला. आमचा सर्व्हरही मागच्याच महिन्यात बदलला आहे. आज रात्रीच तपासते.

तिसरा रकाना

एक राहिलेच. साठा आधी वाचायचा, त्यातून एक वजा करायचा आणि उत्तर परत लिहायचे, अशी पद्धत आमच्या प्रोग्राममध्ये होती. दोन मागण्या एकाच क्षणी आल्या की दोघींनाही तोच आकडा दिसत असे आणि एक वजाबाकी हरवत असे. पोस्टग्रेसएसक्यूएल, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर या तिन्हींत मूळ आयसोलेशन पातळी (एकाच वेळची कामे एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची, ते ठरवणारी) रीड कमिटेड आहे आणि ती हे थांबवत नाही. चाचण्या शेकडो होत्या, पण प्रत्येक चाचणीत एकच वापरकर्ता होता. आता वजाबाकी डेटाबेसच्या अपडेट आज्ञेमध्येच होते आणि मागण्या समांतर पाठवणारी एक चाचणी रोज चालते.

समास

चाचण्यांचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतो. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या ३.४२ आवृत्तीच्या वेळी त्यांच्या चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या ५९० पट होता. त्यात मेमरी संपली, डिस्कवर लिहिता आले नाही, मध्येच वीज गेली, असे प्रसंग मुद्दाम घडवून पाहिले जातात. आपल्यापैकी बहुतेकांना तेवढे करणे शक्य नाही, पण लिहिणे अर्ध्यावर थांबले तर काय होईल, ही एक चाचणी तरी प्रत्येकाला लिहिता येते. जुनी नोंद, तुमच्या त्या नावांचे काय झाले?

जुनी नोंद

सभासदत्वाच्या मूळ अर्जांच्या प्रती सुदैवाने जपलेल्या होत्या, त्यांवरून बहुतेक नावे मी हाताने पूर्ण केली. ज्यांचे अर्ज मिळाले नाहीत, त्यांना ईमेल पाठवून पूर्ण नाव कळवण्याची विनंती केली आणि चूक आमची होती हे स्पष्ट लिहिले. आज पहिले उत्तर आले. त्या बाईंनी लिहिले आहे की इतकी वर्षे प्रत्येक पावतीवर नाव अर्धेच येत होते, पण हे कोणाला सांगायचे ते त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचे नाव एकोणचाळीस चिन्हांचे आहे. ते नव्या टेबलात घातले, पुन्हा वाचून पाहिले आणि शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून घेतले.